मुंबईस निघालात, पण उतरणार कोठे?

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले, की घरातले दुखणे घेऊन मुंबईची वाट धरावयाची, ही आपल्या खेड्यांची रीतच होऊन बसली आहे. डॉक्टर कोणता गाठावा याची चौकशी दहा जणांकडे होते. उतरावयाचे कोठे, हे मात्र गाडीत बसल्यावर सुचते. मग कोणी तरी म्हणतो, "आपल्या अमक्याचा पोरगा आहे की तिकडे!" झाले, प्रश्न सुटला! वाचकहो, तो सुटला नाही. त्या पोराच्या गळ्यात पडला.

हे पाप आम्हीही केले आहे. थोरल्या बंधूंच्या घशास गाठ आली, तेव्हा शाळेतून रजा काढून त्यांस परळास नेले आणि भावकीतील एकाच्या नालासोपाऱ्याच्या खोलीत उतरलो. एक खोली, तीत त्यांची पाच माणसे आणि आम्ही दोघे. घरधनिणीने कधी तोंड वाकडे केले नाही. पण तिची मुलगी परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करी, आणि आम्ही मास्तर म्हणवणारे ते मुकाट्याने पाहात होतो. पहाटे चारला उठून आजारी माणसास लोकलच्या रेट्यात उभे करावयाचे. कॅन्सरच्या सलाइनने अंगची रोग झुंजविण्याची ताकद उतरते, अशा माणसास गर्दीपासून जपावे लागते, हे आम्हांस डॉक्टरांनी बजावले ते त्यांस ताप चढल्यावर. सलाइन पुढे ढकलली गेली. ते फुकटचे राहणे फार महाग पडले.

म्हणून मुक्काम नात्यावरून ठरवू नये, कामावरून ठरवावा. टाटा, केईएम व वाडिया ही तिन्ही इस्पितळे परळातच आहेत. तेथे काम असेल त्याने परळ-दादर सोडून दूर जाऊ नये. जे. जे. मध्ये जाणाऱ्याने भायखळ्याच्या आसपास पाहावे. दुसरे, दिवस मोजावे. शेक घ्यावयाचा म्हणजे बहुधा आठवड्यास पाच दिवस, आणि असे पाच-सहा आठवडे. लॉजवाला एका रात्रीचा दर सांगतो, तो ऐकून आपण मान डोलावतो. त्यास चाळिसांनी गुणून पाहा, म्हणजे बैल विकावा लागेल की काय ते तेथेच कळेल! स्टेशनावर पिशवीस हात घालणाऱ्याच्या मागे तर मुळीच जाऊ नये. मोठ्या इस्पितळात समाजसेवा विभाग असतो. पहिल्याच दिवशी तेथे जाऊन राहण्याच्या सोयीबद्दल विचारावे व चिठ्ठी मागावी. जागा लगेच मिळतेच असे नाही, म्हणून नाव आधी लागलेले बरे.

धर्मशाळेत राहणे आमच्या कित्येक बंधूंस कमीपणाचे वाटते. गाडगेबाबांनी स्वतःसाठी घर बांधले नाही, पण गोरगरिबांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाची धर्मशाळा आज दादरला कॅन्सरच्या रोग्यांस थारा देते. तेथे पथारी टाकण्यात लाज कसली? लाज वाटावयाची तर बडोद्याची वाटावी. १९१७ साली अमेरिकेत व लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांस त्या शहरात कोणी जागा देईना. पारशांच्या उतारशाळेत पारशी नावाने राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. आज अस्पृश्यतेच्या कारणाने धर्मशाळेचे दार लावणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे ठाऊक असू द्यावे, आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यावी.

आता गावाचे कर्तव्य. घाटावरच्या व कोकणच्या गिरणी कामगारांनी गिरणगावात गावोगावच्या खोल्या केल्या होत्या. वर्गणी काढावी, पाळीपाळीने निजावे, आणि गावाकडून कोणी आले तर त्यासही पथारी मिळावी. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बुडाल्या, माणसे पांगली. काही खोल्या विकल्या गेल्या, काहींना कुलपे लागली, काहींवर चार जणांनी आपलीच नावे चढविली. पण काही अजून उभ्या आहेत. येत्या यात्रेस मुंबईकर मंडळी येतील व देवळाच्या कळसाची वर्गणी मागतील. पावती फाडण्याआधी त्यांस एवढेच विचारावे, की आपल्या गावच्या खोलीची किल्ली सध्या कोणाकडे आहे?