गावची साके, गावचे ताट

कोजी बुरशीच्या मदतीने मद्य बनवण्याच्या जपानी विद्येला युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. सन्मान मोठा; पण घरी मात्र या मद्याची ओढ आटली आहे. साकेचा, म्हणजे तांदळाच्या या मद्याचा, जपानमधला खप 1973 च्या सुमारास शिगेला पोहोचला होता, आज त्याच्या तिसरा हिस्साही उरलेला नाही. परदेशात नाव निघते ते बहुधा महागड्या दाइगिंजोचे: तांदळाचा दाणा निम्मा तरी सडून टाकायचा, उरलेल्या गाभ्याची साके करायची आणि गारेगार करून वाइनच्या ग्लासात द्यायची. फळांसारखा सुगंध येतो, हे खरेच. पण ताटाशेजारी ती अनेकदा परक्या पाहुण्यासारखी अवघडून बसते.

कोबेजवळचे नादा आणि क्योतोचे फुशिमी ही मोठ्या कारखान्यांची ठाणी. त्यांच्याबाहेरच्या, गावोगावच्या साकेला जिझाके म्हणतात. तिची चव पाण्यापासूनच ठरू लागते. नादाचे पाणी जड, त्यातल्या खनिजांवर यीस्ट जोमाने वाढते आणि साके कोरडी, करकरीत उतरते. हिरोशिमाच्या मऊ पाण्याची साके बिघडायची. तिथले साके-उत्पादक मिउरा सेन्झाबुरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या पाण्याला मानवणारी वेगळी रीत बसवली, तेव्हा तिथले कारखाने नावारूपाला आले. पाणी जड असो की मऊ, लोह मात्र कुणालाच चालत नाही, कारण त्याने साकेचा रंग आणि चव दोन्ही जातात. माशाशी असलेल्या तिच्या सख्याचे एक कारण इथेच आहे. काही वाइनबरोबर मासे खाताना तोंडात वशट वास रेंगाळतो, तो वाइनमधल्या लोहामुळे, असे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले.

शिकोकू बेटावरच्या कोचीत कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा पेंढ्याच्या जाळावर बाहेरून भाजतात, आत कच्चाच ठेवतात आणि लसूण-आल्यासोबत खातात. या धुरकट घासापुढे दाइगिंजोच्या सुगंधाचा काय पाड लागणार? इथे कोचीचीच कोरडी साके हवी. ती तोंड स्वच्छ करते आणि हात आपसूक पुढच्या तुकड्याकडे जातो.

गरम साके म्हणजे हलका माल, हा समज आता सोडायला हवा. युद्धानंतरच्या टंचाईत अल्कोहोल आणि साखर मिसळून तिप्पट केलेल्या साकेने ती बदनामी ओढवली असावी. नुसता तांदूळ, कोजी आणि पाणी यांची जुनमाई साके मात्र उबेने खुलते. निमुळत्या गळ्याची तोक्कुरी ही साकेची सुरई गरम पाण्यात उभी करायची आणि मधूनमधून तळाला बोट लावून पाहायचे. अंगाच्या उबेइतकी झाली की 'हितोहादा', 40 अंशांच्या आसपास 'नुरुकान', 50 ला 'आत्सुकान'. बाहेर थंडी आणि समोर मुळ्याचे जाड काप घातलेले ओदेन हे रसदार कालवण असेल, तर आमचे मत नुरुकानला.

साकेत अल्कोहोल साधारण 15-16 टक्के असते आणि गरम साके घशाखाली फार सहज उतरते. म्हणून जाणकार तिच्याजोडीला पाण्याचा पेला ठेवतात. त्याला 'यावारागी-मिझु' म्हणतात. तो रिकामा झाला की पुन्हा मागून घ्यायला लाजू नये.