टाके सुकले, पण गुडघा तयार आहे का?

गेल्या आठवड्यात कबड्डी खेळणारी एक मुलगी वडिलांबरोबर दवाखान्यात आली. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन ६ महिने झालेले. "डॉक्टरसाहेब, पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. फिटनेसचा दाखला द्या," वडील म्हणाले. सूज नाही, दुखणे नाही, चाल झकास. मी तिला एका पायावर अर्धी बैठक मारायला सांगितली. चांगला गुडघा सरळ राहिला. शस्त्रक्रियेचा थरथरत आतल्या बाजूला झुकला. दाखला मी दिला नाही.

वाचकहो, चालणे पाहून खेळाडूचा गुडघा कळत नाही. उडीनंतर पाय टेकताना किंवा एकदम वळताना गुडघा आत झुकला, तर नवे लिगामेंट पुन्हा तुटू शकते. कधी दुसऱ्या पायाचेही. अशा खेळांत ही इजा मुलींना मुलांपेक्षा अधिक होते. म्हणून निदान ९ महिने थांबावे. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरावी. उडीचे अंतर टेपने मोजता येते. पण पाय टेकताना गुडघा कसा राहतो, हे फिजिओथेरपिस्टने डोळ्यांनी पाहायलाच हवे.

मुलगी रडली. यंदा खेळले नाही तर घरचे खेळ बंद करतील, ही तिची भीती. वडिलांना मी म्हटले, "अजून ३ महिने तिला व्यायामाला पाठवा, मग पुन्हा तपासू. आणि पुढच्या वर्षी तिला मैदानावर जाऊ द्या, एवढा शब्द आजच द्या."