लकवा, रोजा आणि बीपीची गोळी

रोज्यात एखाद्याचं तोंड अचानक वाकडं झालं, वजूच्या चुळीचं पाणी एका बाजूनं ओघळू लागलं, की भोवतालची मंडळी निकाल देऊन मोकळी होतात: बीपीची गोळी बाधली! मग गोळी बंद. वर कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतो, ते वेगळंच.

'लकवा' हा शब्द मूळचा अरबी; तिथं त्याचा अर्थच चेहऱ्याचा पक्षाघात. हजारएक वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी या हकिमानं मेंदूच्या बिघाडानं वाकडा झालेला चेहरा आणि नुसत्या नसेचा आजार यांत फरक केला होता. आपल्या मोहल्ल्यात तो अजून पोचायचा आहे.

चेहऱ्याची नस सुजली की त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही, डोळा मिटत नाही. ही बेल्स पाल्सी. बहुतेकजण काही आठवड्यांत, महिन्यांत बरे होतात. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा हलतं, पण हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. मात्र हा निवाडा घरी करायचा नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. असरला तोंड वाकडं झालं आणि 'इफ्तार होऊ द्या, तरावीह होऊ द्या' म्हणत बसलं, तर ते तास गेलेच. नसेचाच आजार निघाला तरी स्टेरॉइड ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. त्यानं बीपी वाढू शकतो, म्हणजे नेमकं तेव्हाच बीपीची गोळी सोडणं महागात पडतं.

एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी क्वचित ओठ-जीभ सुजते, हे खरं. तेव्हाही दवाखाना ताबडतोब गाठायचा. पण ती सूज, लकवा नव्हे. उलट, आटोक्यात नसलेला बीपी हेच झटक्याचं मोठं कारण.

आजाऱ्यानं रोजा पुढं ढकलून नंतर पुरा करावा, ही सवलत कुरआनच्या दुसऱ्या सूरेतच आहे (आयत १८५). अनेकांना तिचीही गरज पडत नाही. दिवसातून एकदाची गोळी डॉक्टरांना विचारून सहेरीला किंवा इफ्तारनंतर बसवता येते. आपल्याच मनानं महिनाभर गोळी बंद ठेवण्यात मला तरी कसली परहेजगारी दिसत नाही.

दर रमजानला दुकानदार वेळापत्रकाची कार्डं वाटतात, मागची बाजू जाहिरातींनी भरलेली. मशीद कमिट्यांनी तिथं दोन ओळी छापून घ्याव्यात: गोळीची वेळ डॉक्टरांना विचारा, तोंड वाकडं झालं तर मगरिबच्या अजानची वाट पाहू नका.