शेजारच्या वस्तीत

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे न्यूयॉर्कमधील आपल्या मुलांना तोंडपाठ असते. परंतु विद्यापीठाला लागून असलेल्या हार्लेममध्ये आपले पाऊल क्वचितच पडते. ‘ती वस्ती बरी नव्हे,’ असे आपल्याच घरांत बोलले जाते. हेच शब्द गावाने आपल्या वस्तीविषयी उच्चारले होते, याचा विसर पडावा काय?

तेथील शोंबर्ग केंद्रात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा ठेवा आहे. त्याचा मूळ संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाने १९२६ मध्ये मिळविला. अपोलो नाट्यगृहाने १९३४ पासून नवोदित कलावंतांना रंगमंच दिला. मक्याचा पाव, मंद आचेवर शिजविलेली पालेभाजी हे गुलामगिरीच्या तुटपुंज्या शिध्यातून घडलेले अन्न. ते चाखताना आजीची चूल आठवते.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून उभय समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले. पत्राने जोडलेले ते नाते केवळ जयंतीच्या भाषणांत राहू नये. बांधवांनो, एखाद्या शनिवारी मुलांचा हात धरून हार्लेमला जा. शेजारधर्म पाळण्यास आपण आधीच पुष्कळ उशीर केला आहे.