दाराजवळचे पाणी

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये शिरले, की पाहुण्यांची नजर थेट समोरच्या सोनेरी वेदीकडे जाते. मध्यंतरी गेलो तेव्हा माझी नजर मात्र दाराजवळच अडली. तिथे बाप्तिस्म्याचे दगडी कुंड आहे, १५३२ सालचे. या इमारतीचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. म्हणजे छपरापेक्षा कुंडच तीस वर्षांनी वडील. १७७६ मध्ये चर्चचा एक मनोरा कोसळला. जवळच्या टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिन चर्चचे छत १८४२ मध्ये खाली आले. आज तिथे मनोऱ्याचा भग्न तुकडा तेवढा उभा आहे. राजधानी पणजीला गेली, शहर ओस पडले. कुंड टिकले.

कुंड दाराशी असते, कारण बाप्तिस्मा म्हणजे प्रवेश. पण त्या दारातून सगळे सारख्या मनाने आले नाहीत. सोळाव्या शतकात तिसवाडीतली देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. कुणी श्रद्धेने आले, कुणी भीतीने, कुणी जमीन वाचवायला. दगडावर याची नोंद नसते.

इथवर लिहिणे सोपे, कारण दोष परक्याचा आहे. पण मी नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालले. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंचा संसार मुळापासून हलला, आणि पुढे त्यांनीही आपल्या विचाराने तीच वाट धरली. तिथे कुणाच्या हातात तलवार नव्हती. जिल्ह्यातल्या चर्चमध्ये आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले होते. गावच्या पाणवठ्याला शिवायची त्यांना बंदी होती. पाणी मिळाले तर वरून ओंजळीत. त्यांच्या कपाळाला पहिल्यांदाच कुणीतरी हात लावून पाणी लावले. धर्मांतराच्या वादात आपण आमिषांचा हिशेब बारकाईने मांडतो. कोणती विहीर बंद होती, ही रक्कम मात्र वहीत धरत नाही.

आणि पाण्याने सगळे धुतले गेले, असेही नाही. १९८० च्या दशकात मी जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. माठाजवळ चार पेले असत. आमच्या शिपायाचा पाचवा पेला खिडकीत, वेगळा. त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. तो जन्मापासून ख्रिस्ती. पेला तिथे कुणी ठेवला, कुणी विचारले नाही. व्हाउचरातली पाच पैशांची चूक शोधण्यासाठी रात्री आठपर्यंत बसणारा मी, तो पेला तीन वर्षे पाहत राहिलो आणि गप्प बसलो. बदलीच्या दिवशी त्याने माझ्यासाठी आठवणीने चहा आणला. स्वतः पाणी प्यायला तो खिडकीकडेच गेला.

कुणी कुणाला कोणत्या पाण्याने आपलेसे केले, याचा जाब जरूर विचारावा. गोव्यातल्या जुलमाचाही विचारावा. पण त्याआधी पाणी नाकारले कुणी, हेही विचारायला हवे. इतरांचे मला सांगता येणार नाही. तो पेला उचलून माठाजवळ ठेवायला मला चार पावले पुरली असती.