अंगठा दाखवायला शिकताना

मराठीत 'अंगठा दाखवणे' या वाक्प्रचाराला चांगला अर्थ नाही. ऐनवेळी दगा देणे, असाच अर्थ आपण शाळेत शिकलो. मोबाईल आल्यापासून तोच अंगठा 'छान, छान' म्हणूनही फिरू लागला. समुद्राखाली मात्र त्याचा तिसराच अर्थ आहे. स्कूबाच्या खुणांच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला, ही बुडी इथेच संपली'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवायचा. हा फरक मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि तोही सुखासुखी नाही.

सरकारी कारकून आणि पाठीवर हवेची टाकी, हे चित्र डोळ्यांपुढे आणून वाचकांना हसू येईल. येऊ द्या! पण गोव्यात जन्म गेला, हुमणाशिवाय जेवण गेलं नाही, आणि तो मासा पोहतो कसा हे कधी पाहिलं नाही, याची खंत होतीच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने भरीला घातलं आणि पावसाळा सरून समुद्र शांत झाल्यावर आम्ही दोघांनी नाव नोंदवलं. आधी तलावात सराव, मग ग्रांडे बेटाजवळ समुद्रात चार बुड्या. नवशिक्यांच्या या अभ्यासक्रमाची मर्यादा अठरा मीटर.

पहिल्याच दिवशी प्रकृतीविषयीचा एक छापील अर्ज भरायचा होता. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कान-नाकाचा त्रास आहे का? एक जरी 'हो' आलं तर डॉक्टरांचा दाखला आणा. वीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतो आहे. माणूस घाईत असला की 'नाही, नाही, नाही' असं एका दमात खालपर्यंत कसं लिहीत जातो, हे मला पाठ आहे. त्या दिवशी मीही तेच केलं. नाक चोंदण्याचा माझा जुना त्रास अर्जात आलाच नाही. खोटी माहिती दिल्यास अर्ज बाद होईल, असं दुसऱ्यांना बजावणारा मी!

समुद्रातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्दी होती. परत फिरायला तेवढं कारण पुरेसं होतं. पण पैसे भरलेले, नैमित्तिक रजा मंजूर झालेली, कचेरीत पेढे वाटायचेच काय ते बाकी. मी सर्दीची गोळी घेतली आणि होडीत चढलो.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. पडद्यामागे, कानाच्या पोकळीत असलेली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत, घशातून कानात हवा भरत, टप्प्याटप्प्याने उतरायचं असतं. सर्दीत ती वाटच सुजलेली असते. गोळीने ती तात्पुरती मोकळी होते खरी, पण पाण्याखालीच गोळीचा अंमल उतरला तर वर येताना हवा आत अडकून पडते. आणि दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच जाणवतो. कान दुखायला लागला की थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही कान उघडला नाही तर बुडी संपली. जोर लावायचा नाही.

मी जोर लावला. चार-पाच मीटरवर उजव्या कानात कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. प्रशिक्षकाने खुणेने विचारलं, आणि मी गोल करून दाखवला. सगळं ठीक! वर आलो तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. पडदा फाटला नाही हे नशीब, पण तीन आठवडे कान बंद होता. अर्ज खोटा भरला मी, गोळी घेतली मी, आणि खोटी खूणही केली मीच. यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता.

कान बरा झाल्यावर, डॉक्टरांची परवानगी घेऊन, दोन महिन्यांनी मी उरलेल्या बुड्यांसाठी गेलो. आमच्या गटात कॉलेजातली एक मुलगी होती. पोहण्यात आम्हा सगळ्यांना मागे टाकणारी. खाली उतरून पाच-सहा मिनिटं झाली असतील. तिने शांतपणे अंगठा वर केला. प्रशिक्षकाने तीच खूण परत केली, आम्हीही केली, आणि नांगराच्या दोराजवळून सगळे सावकाश वर आलो. होडीत एक गृहस्थ पुटपुटले, "एवढ्यासाठी सगळ्यांची बुडी वाया." मुलगी एवढंच म्हणाली, "मला बरं वाटत नव्हतं." प्रशिक्षकाने पुढे काही विचारलं नाही, त्या गृहस्थांनाही बोलू दिलं नाही. होडीवाला म्हणाला, "दर्या खंय वचना. फाल्यां वचूं येता."

मला त्या मुलीचा हेवा वाटला. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीला जे सहा मिनिटांत जमलं, ते मला कान गमावण्याची वेळ आली तरी जमलं नव्हतं.

पाण्याखालच्या गुहांत बुड्या मारणाऱ्यांत एक जुना नियम आहे: कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणासाठी बुडी रद्द करू शकतो, आणि त्याला जाब विचारायचा नाही. पुस्तकात हे एका ओळीचं वाक्य आहे. आपल्या रक्तात मात्र ते उतरत नाही. आपण सिंहगडाच्या गोष्टीवर वाढलो. 1670 साली सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकले, ही कथा ऐकताना आपली छाती फुगते. पण त्याच्या पाचच वर्षं आधी, 1665 साली, पुरंदरच्या तहात स्वतः महाराजांनी तेवीस किल्ले देऊन राज्य वाचवलं होतं. परत घ्यायला सिंहगड उरला तो त्या माघारीमुळे. दोर कापण्याची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो. तहाची गोष्ट परीक्षेपुरती. पाण्याखाली तर परतीचा दोर शाबूत असणं हीच पहिली अट असते.

यावर कोणी म्हणेल, असं जो तो अंगठा दाखवत सुटला तर शिकणार कोण? प्रश्न रास्त आहे. थोडी भीती सगळ्यांनाच वाटते. मास्कमध्ये पाणी शिरणं हे बुडी सोडण्याचं कारण नव्हे. ते पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायला शिकवलेलं असतं. आधी थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग कृती करा, हा धडा त्यासाठीच असतो. शिवाय बुडी रद्द करणं म्हणजे घाबरून वर पळणं नव्हे. श्वास रोखून झपकन वर येणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि जिवावर बेतू शकतं. रद्द करायची तीसुद्धा रीतसर: खूण करायची, जोडीदाराला सोबत घ्यायचं, श्वास चालू ठेवून सावकाश वर यायचं. जो हे शांतपणे करू शकतो, तो शिकलेलाच आहे.

म्हणून माझं मत असं की, मास्क रिकामा करण्याची जशी परीक्षा होते, तशी बुडी रद्द करण्याचीही व्हावी. प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी, काहीही बिघडलेलं नसताना, अंगठा वर करून सगळ्या गटाला वर आणावं. एकदा हात उचलला गेला की त्याची लाज जाते. दुसरं, अर्धवट राहिलेली बुडी पुन्हा करण्याचा खर्च मूळ शुल्कातच धरलेला असावा. परतण्याची किंमत मोजावी लागणार असेल, तर आमच्यासारखा पगारदार माणूस कान फुटेस्तोवर गोलच दाखवत राहील.

आणि तिसरी गोष्ट आपली आपण करायची. मर्यादा जमिनीवर असतानाच ठरवायच्या. सर्दी असेल तर घरूनच नाही म्हणायचं. टाकी दोनशे बारची असेल, तर गेजचा काटा शंभरावर आला की परत फिरायचं. जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधायचं, मग वर यायचं. हे आकडे आधी ठरलेले असले की पाण्याखाली स्वतःशी वाद घालावा लागत नाही. घरून नाही म्हणणं सोपं, धक्क्यावर थोडं कठीण, होडीत आणखी कठीण, आणि पाण्याखाली सगळ्यात कठीण. म्हणून जितक्या लवकर तितकं बरं.

माझ्या बुड्यांच्या वहीत त्या मुलीमुळे एक नोंद आहे: सहा मिनिटं. अभ्यासक्रमात ती धरली गेली नाही, पुन्हा जावं लागलं. पण कारकुनाच्या नात्याने सांगतो, त्या वहीतली सगळ्यात खरी नोंद तीच आहे.