एसीचा गॅस ‘संपत’ नसतो, गळतो!

महाबळेश्वरकर, पाचगणीकर, जरा स्पष्टच लिहितोय. राग आला तर खाली कमेंटमध्ये काढा.

मेचा सीझन तोंडावर आला की जुन्या गाड्या गॅरेजच्या दारात. "एसी गार करत नाही." "गॅस संपलाय, भरून देतो." विषय मिटला. पुढच्या वर्षी तीच गाडी, तोच संवाद. अहो, एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला. फुटक्या घागरीत पाणी ओतायचे पैसे आपण दरवर्षी मोजतोय.

शोधलं तर सापडतं. पुढच्या कंडेन्सरला खडी लागते, सांध्यांतल्या रबरी रिंगा कडक होतात, कॉम्प्रेसरचं सील झिजतं, डॅशबोर्डमागची कूलिंग कॉईल सडते. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून तेलकट डाग दिसला की तिथे संशय घ्यायचा. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडेच सांगतात. दुरुस्ती, मग व्हॅक्यूम, काटा अर्धा तास जागचा हलता कामा नये. त्यानंतरच वजन करून गॅस.

प्रश्न फक्त खिशाचा नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. गाड्यांतला आर-१३४ए गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे १,४०० पट. अर्धा किलो गळाला म्हणजे साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं! पीयूसी नसेल तर दंड. या गळतीबद्दल मात्र कुणी चकार शब्द विचारत नाही. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली, २०२८ पासून या गॅसच्या वापरावर मर्यादा येणार. करार दिल्लीत, गळती आपल्या घाटात.

टॅक्सीवाले भाऊ म्हणतील, "सीझनला गाडी उभी ठेवून खायचं काय?" बरोबर आहे. डॅशबोर्ड उघडायचा तर दिवस जातो, खर्चही होतो. मग पाऊस सुरू झाला, धंदा बसला की करा. आणि पावसात एसी लागत नाही हा गैरसमज काढून टाका. आंबेनळीत दाट धुकं, काच आतून धूसर, तेव्हा आतली ओल काढून समोरचं वळण दाखवतो तो एसीच. गाडीत बसलेल्यांचा जीव त्यावर आहे.

मागणी साधी आहे. गॅरेजवाल्यांनी बिलावर लिहावं : गळती कुठे होती, गॅस किती ग्रॅम भरला. उरलेला गॅस हवेत सोडू नये, मशीनने काढून घ्यावा. नगरपालिका, आरटीओ आणि टॅक्सी संघटनांनी वर्षातून एक तपासणी शिबिर घ्यावं. चेकनाक्यावर पर्यटकांकडून कर घेता ना? त्यातले चार पैसे इथे लावा.

आणि आपण? पुढच्या वेळी "गॅस भरा" म्हणू नका. "आधी लीक शोधा" म्हणा.

पटलं तर शेअर करा. गाडीवाल्या मित्राला टॅग करा.